तुर्की नामांना प्रत्यय लावताना या चुका टाळा

'घर, घरात' तसं तुर्कीत 'एव, एव्दे'. मराठी माणसाला विभक्ती ओळखीची वाटते आणि या ओळखीमुळेच तो फसतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे 'अलीचं घर' यासाठी 'अलिनिन एव' म्हणणं. मराठीत मालकाला प्रत्यय लावला की भागतं. तुर्कीत मालकीच्या वस्तूलाही प्रत्यय हवा: अलिनिन एवि. शब्द स्वरान्त असेल तर 'सि' लागतो. केदि म्हणजे मांजर, अलीचं मांजर म्हणजे अलिनिन केदिसि. चा-ची-चे असा लिंगभेद मात्र नाही, तेवढी सुटका आहे.

खरी अडचण पुढे येते. तिसऱ्या पुरुषाच्या या 'इ/सि'नंतर विभक्ती लावताना मध्ये 'न' यावाच लागतो: एविनि (त्याचं घर, कर्म म्हणून), एविने (त्याच्या घराकडे), एविन्दे (त्याच्या घरात), एविन्देन (त्याच्या घरातून). 'एविदे', 'एवियि' ही रूपं चूक. पण 'केदियि' (मांजराला पाहिलं, यातलं 'मांजराला') बरोबर! कारण केदिमधला 'इ' मूळ शब्दाचाच आहे, मालकीचा नाही. म्हणून विभक्ती लावण्याआधी शेवटचा 'इ' कुठून आला ते तपासा. अलीच्या मांजराला पाहिलं, तर केदिसिनि. 'माझ्या घरात' मात्र सरळ एविम्दे. 'एविन्दे'चा अर्थ 'तुझ्या घरात' असाही होतो. संदिग्धता नको असेल तर आधी 'सेनिन' (तुझ्या) किंवा 'ओनुन' (त्याच्या) जोडा.

क्रम कायम अनेकवचन, मालकी, विभक्ती: एव-लेर-इम-दे, माझ्या घरांमध्ये.

जोडशब्दांत मालकीचा प्रत्यय आधीच असतो. त्रेन बिलेति म्हणजे रेल्वेचं तिकीट. 'त्याचं रेल्वेचं तिकीट' म्हणायला 'बिलेतिसि' करू नका, 'बिलेति'च राहतं. 'माझं' म्हणताना तो 'इ' काढून त्रेन बिलेतिम.

आपला 'ला' तर दोन कामं करतो, तुर्कीत ती वेगळी आहेत. अलीला आणलं: अलियि गेतिर्दिम. अलीला दिलं: अलिये वेर्दिम. निर्जीव वस्तूला आपण सहसा 'ला' लावत नाही, त्यामुळे तिथे प्रत्यय राहूनच जातो. देफ्तेर गेतिर्दिम म्हणजे (कुठली तरी) वही आणली. ठरावीक वही असेल तर देफ्तेरि गेतिर्दिम.

क्रियापदांची विभक्ती मराठीवरून ठरवू नका. गाडीत बसलो, पण तुर्कीत त्रेने बिन्दिम, 'त्रेन्दे' नव्हे. अलीचं ऐकलं, पण अलियि दिन्लेदिम. क्रियापद वहीत उतरवतानाच त्याची विभक्ती शेजारी लिहा.

इथली उदाहरणं मुद्दाम ए-इ स्वरांची घेतली आहेत. 'ओकुल' (शाळा) घेतलंत की 'दे'चा 'दा' होतो: ओकुल्दा, आणि त्याच्या शाळेत म्हणजे ओकुलुन्दा. स्वर बदलला तरी 'न' तिथेच असतो.