नाल उतरतात तिथून सुरुवात : इव्हेंटिंगच्या पागेतलं एक वर्ष

ऑक्टोबरच्या अखेरीस मी इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशरमधल्या एका इव्हेंटिंगच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या एका स्पर्धाखेळाच्या, पागेत कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात नालबंद आला आणि एकेका घोड्याचे नाल उतरवू लागला. ज्या घोड्यांना उड्या मारताना बघायला मी एवढ्या लांब आले होते, ते सगळे झूल पांघरून कुरणात सोडले गेले. पुढचे पाच-सहा आठवडे त्यांना सुट्टी होती. आपण अगदीच चुकीच्या वेळी आलो, असं तेव्हा वाटलं. आता कोणी विचारलं की मी सांगते, यायचं असेल तर ऑक्टोबरातच या. मार्चमध्ये आलात तर तयार घोडा दिसेल, तो तयार कसा झाला ते दिसणार नाही.

माझं गाव आंबेगाव तालुक्यातलं. आमच्याकडे शर्यतीच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडी धावते. माझे चुलते, आबा, अशी घोडी बाळगून होते. संध्याकाळी चंदी, म्हणजे दाणा, टाकायच्या आधी ते तिच्या चारही पायांवरून वरून खाली हात फिरवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. पुढे पुण्यात घोडेस्वारी शिकले, मग शिक्षणासाठी इकडे आले आणि ते संपवून पागेत शिरले. आबांच्या त्या हाताचा अर्थ मला इथे कळला, आणि तोही एका घोड्याचं नुकसान झाल्यावर. त्याबद्दल पुढे लिहिते.

खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने तीन परीक्षा द्यायच्या: ड्रेसाज म्हणजे आखीव चालींची कसरत, क्रॉस-कंट्री म्हणजे रानातून, चढउतारावरून, पाण्यातून पक्क्या अडथळ्यांवर उड्या, आणि शो जम्पिंग म्हणजे मैदानात पडू शकणाऱ्या दांड्यांवरच्या उड्या. गुण मिळत नाहीत, दंड साठत जातो. ड्रेसाजमध्ये जितके टक्के मिळतील ते शंभरातून वजा करायचे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या फवाद मिर्झाला ड्रेसाजमध्ये २८.०० दंडगुण होते, म्हणजे ७२ टक्के. क्रॉस-कंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला की २० दंड, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की दर सेकंदाला ०.४. शो जम्पिंगमध्ये दांडी पडली की ४. मिर्झा शेवटी २३वा आला. आपल्याकडे या खेळाची परंपरा मुख्यतः लष्करातून आली. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं होतं.

ब्रिटनमधला मोसम साधारण मार्च ते ऑक्टोबर असा चालतो. खालच्या पायरीवर ८० सेंटिमीटरच्या उड्या असतात, मग ९०, मग १००, आणि नॉव्हिसला १.१० मीटर. अगदी वर बॅडमिंटन आणि बर्ली या गावांच्या नावाच्या दोन मोठ्या स्पर्धा. बॅडमिंटन १९४९पासून होते, हल्ली मे महिन्यात, आणि बर्ली १९६१पासून उन्हाळ्याच्या शेवटी. तिथे क्रॉस-कंट्रीला घोडा अकरा मिनिटांच्या आसपास पळत असतो. नॉव्हिसला मिनिटाला ५२० मीटरचा वेग राखायचा असतो. हा आकडा पाठ असू द्या, कारण हिवाळ्यातलं सगळं काम त्याच्याच दिशेने चाललेलं असतं.

सुट्टीत घोडा नुसता चरतो, चिखलात लोळतो, सोबत्यांशी भांडतो. पण आपल्याला सुट्टी नसते. चंदी हळूहळू कमी करायची, एका दिवसात तोडायची नाही. खाण्यातला कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत पसरून करायचा, नाहीतर पोटशूळ ठरलेला. मोसम चालू असतानाही हाच नियम आहे. कामाच्या घोड्याला आरामाच्या दिवशी भरपूर दाणा दिला आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, तर त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू आखडून तो जागेवरच उभा राहू शकतो. म्हणून आमच्या पागेत सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच दाणा उतरतो आणि वैरण वाढते. वैरण हाच घोड्याचा मुख्य आहार आहे. रोज शरीराच्या वजनाच्या दीड टक्का तरी कोरडा चारा पोटात गेलाच पाहिजे. ५५० किलोच्या घोड्याला तो आठ किलोच्या वर होतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला नाल पुन्हा ठोकले जातात आणि रपेट सुरू होते. ही रपेट म्हणजे नुसती कदमचाल, डांबरी रस्त्यावर. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत वाढवत दीड तास. असे चार आठवडे. नवीन आलेल्या पोरापोरींचा धीर इथेच सुटतो. थंडीने बोटं आखडलेली असतात, घोडा ताजातवाना असतो, प्रत्येक कुंपणाला बिचकतो, आणि आपण मात्र चालतच असतो. मीही हेड ग्रूमला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या प्रमुख बाईला, विचारलं होतं की याला तर काहीच दम लागत नाही, मग दुडकी का नाही? ती म्हणाली, “त्याच्या छातीकडे बघू नकोस, पायाकडे बघ.”

त्यामागचं कारण पुढे मी वाचलं, पशुवैद्यांकडून ऐकलं. घोड्याला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाडं, कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, आणि वर कातडी, एवढंच. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि कंडरा यांना कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण कंडरेला रक्तपुरवठा फार कमी. त्यामुळे एक फसवा काळ येतो: घोड्याला पळावंसं वाटतं, दम पुरतो, स्वारालाही वाटतं की झाला तयार. पाय मात्र मागे राहिलेले असतात. ते चार आठवडे याच काळासाठी खर्च करायचे असतात.

आता माझी चूक. फेब्रुवारीत, माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, एक नऊ वर्षांचा घोडा माझ्याकडे होता. मोठा, तांबूस, शांत स्वभावाचा, नॉव्हिसच्या वरच्या पायरीपर्यंत, इंटरमीडिएटपर्यंत, खेळलेला. रोज सकाळी सहा वाजता, अंधारात, प्रत्येक घोड्याचे पाय तपासून फळ्यावर खूण करायची पद्धत होती. त्या आठवड्यात पहाटे पाणी गोठत होतं. मी जाड हातमोजे घातले होते आणि त्यांच्यासकट पायावरून हात फिरवून खूण करत होते. तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी त्याला चढावर कँटरला, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान दौडीला, नेलं. संध्याकाळी हातमोजे काढून घाम पुसायला बसले, तेव्हा डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागे ऊब लागली. शेजारचा पाय गार होता. बोटाने दाबलं तर त्याने पाय उचलला.

दोन दिवसांनी अल्ट्रासाउंडमध्ये कंडरेतले तंतू तुटलेले दिसले. ती ऊब आधीच्या तीन दिवसांत होती का, हे नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण मी तपासलंच नव्हतं, आणि फळ्यावर माझ्या सहीच्या तीन खुणा होत्या. त्याचा तो अख्खा मोसम गेला. आधी ठाणबंद, मग दिवसाला दहा मिनिटं हाताने चालवणं, मग वीस. दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ते चालवण्याचं काम मी मागून घेतलं. मालकिणीने मला कामावरून काढलं नाही. तिने मला प्रत्येक घोड्याच्या पायांचा नकाशा काढायला लावला: कुठे जुनी गाठ आहे, कुठे हाड जरा वर आलंय, कुणाचे मागचे पाय रात्रभर ठाणावर उभं राहून सुजतात आणि चाललं की उतरतात. ती वही अजून माझ्याकडे आहे. आबा काय करत होते, ते ती वही लिहिताना मला समजलं. रोजचा पाय हाताला पाठ असेल तरच आजचा वेगळा लागतो.

म्हणून तुम्ही कुठल्याही पागेत रुजू व्हा, पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घोड्याचं स्वतःचं असं काय ते लिहून काढा. आरामात असताना नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. पण पुस्तकातली मर्यादा आणि तुमच्या घोड्याचा नेहमीचा आकडा यात फरक असतो. नेहमी ३० नाडी असणारा घोडा ४२वर गेला, तर तो पुस्तकाप्रमाणे ठीक आहे आणि प्रत्यक्षात त्याचं काहीतरी दुखतंय.

थंडीत घोड्यापेक्षा आपल्यालाच थंडी वाजते, हे लक्षात ठेवा. नवीन माणूस घोड्यावर झुलीवर झूल चढवतो. १०० ग्रॅमची, २०० ग्रॅमची, ३०० ग्रॅमची अशा भरावावरून त्या ओळखल्या जातात. आपल्याला किती कुडकुडतंय यावरून ठरवू नका. झुलीखाली खांद्यामागे हात घाला. ओलसर गरम लागलं तर जास्त झालंय. केस कापण्याचं मात्र टाळू नका. कामाचा घोडा हिवाळी केसांसकट घामेजला तर तासन् तास वाळत नाही आणि मग खरोखर गारठतो.

पाण्याबद्दल फार कमी बोललं जातं. पाणी बर्फासारखं असलं की घोडा कमी पितो, आतडी कोरडी पडतात आणि मळ अडकून पोटशूळ होतो. आम्ही रात्रीच्या फेरीत बादलीत कोमट पाणी ओततो, दाणा भिजवून देतो, मीठ घालतो. आणि रोजची लीद मोजतो. ठाणावर रात्रीत किती वेळा पडली, सुकी आहे की ओली, हे सकाळचं पहिलं वर्तमान. चिखलाने खुरामागची कातडी सडू नये म्हणून पाय सारखे धुण्याचा मोह होतो. धुऊ नका. चिखल वाळू द्या आणि खरारा करून काढा.

जानेवारीत दुडकी, चढ, थोडं मैदानातलं ड्रेसाज आणि छोट्या उड्या. मग फेब्रुवारीत टप्प्याटप्प्याचे कँटर: पाच मिनिटं मिनिटाला ४०० मीटरच्या वेगाने, तीन मिनिटं चाल, असं तीनदा. हे चार-पाच दिवसांतून एकदाच. कँटर संपल्यावर दहा मिनिटांनी नाडी साठीच्या आसपास उतरली नसेल, तर पुढच्या वेळी काम वाढवायचं नाही, हा आमच्या पागेचा नियम. कॉट्सवोल्डच्या टेकड्या इथे उपयोगी पडतात. चढावर वेग न वाढवता दम वाढवता येतो आणि पायांवर आदळआपट कमी होते.

स्पर्धेच्या दिवसाची तयारी आदल्या रात्री होते. पहाटे चारला गाडी निघते. एकदिवसीय स्पर्धेत तिन्ही परीक्षा एकाच दिवशी उरकतात, बहुतेक वेळा क्रॉस-कंट्री शेवटी. नालांना भोकं पाडलेली असतात, त्यात जमीन बघून खिळे पिळायचे. कडक जमिनीला लहान टोकदार, चिखलाला मोठे. आदल्या दिवशी त्या भोकांत कापूस घालून ठेवा, नाहीतर पहाटे खडे उकरत बसाल आणि ड्रेसाजची वेळ निघून जाईल. गाडीत चढवण्याआधी खिळे काढायचे, कारण घोडा स्वतःच्याच पायावर पाय देतो.

क्रॉस-कंट्री संपवून घोडा येतो ती दहा मिनिटं सर्वस्वी आपली. तंग सैल करा, चालवत ठेवा, सगळ्या अंगावर गार पाणी ओता आणि ओततच राहा. तापलेल्या जनावराला गार पाणी लावू नये, पाजू नये, असं आमच्या गावाकडे सांगतात आणि इंग्लंडातही जुनी माणसं सांगायची. मीही तेच मानत होते. पण जोरात धावलेल्या घोड्याचं तापमान वेगाने उतरवायला सतत पाणी ओतणं हाच सर्वांत चांगला उपाय आहे, आणि त्याला थोडंथोडं पाणी पिऊ द्यायला हरकत नाही. नंतर पाय बर्फात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हातमोजे न घालता, पुन्हा तेच चार पाय; मग सरळ रेषेत दुडकी पळवून लंगडतोय का बघणं.

जून-जुलैत पाऊस नसेल तर जमीन दगडासारखी होते. प्रवेशशुल्क भरलेलं असतं, मालक आलेले असतात, आणि तरी घोडा गाडीत परत चढवून घरी आणावा लागतो. हा निर्णय स्वाराचा असतो, पण तो ज्या माहितीवर घेतला जातो ती ग्रूमकडून येते. सकाळी पाय कसे होते, खाल्लं का, जमिनीवर बूट रोवला तर किती गेला. तुम्ही गप्प बसलात तर ती माहिती कोणाकडेच नाही.

तो तांबूस घोडा त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये १०० सेंटिमीटरच्या स्पर्धेत उतरला. त्याच्या लायकीपेक्षा बऱ्याच खालच्या पायरीवर, आणि मुद्दाम सावकाश चालवला. वेळेचा दंड भरपूर झाला.

पागा निवडताना काही गोष्टी आधी विचारून घ्या. एका माणसामागे घोडे किती? चार-पाचपेक्षा जास्त असतील तर पाय कोण तपासतं? राहायची जागा गरम असते का? आठवड्याची सुट्टी लेखी आहे का? स्वारीला मिळेल का, हेही विचारा, पण सर्वांत शेवटी. बहुतेक पागा नोकरी देण्याआधी एक दिवस काम करून बघू देतात. तो दिवस जानेवारीतला मागा.