धोका ओळखणारे सॉफ्टवेअर निवडताना

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखानदाराने धोका ओळखून प्रतिकार करणारे सॉफ्टवेअर घेण्यासाठी विक्रेत्याला बोलावण्याआधी आपल्याकडील संगणक, सर्व्हर आणि सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, यंत्रांना जोडलेले जुने पीसी यांची यादी करावी. त्या यादीत विंडोज ७ निघालेच, तर निवड तिथेच बरीचशी आटोपते, कारण मायक्रोसॉफ्टने त्याचे नियमित साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले असून अनेक नवी उत्पादने त्यावर चालतच नाहीत.

नेहमीचा अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या घातक फाइली पकडतो. धोका ओळखून प्रतिकार करणारे, म्हणजेच ईडीआर, सॉफ्टवेअर मात्र संगणकावरील वर्तनावर नजर ठेवते. हिशेबनिसाने ईमेलमधून उघडलेल्या एक्सेल फाइलने पॉवरशेल हे विंडोजमधील आज्ञा चालवण्याचे साधन सुरू केले आणि टॅलीच्या फोल्डरमधील फाइली भराभर कुलूपबंद होऊ लागल्या, तर ती साखळी ओळखून तो संगणक नेटवर्कपासून तोडणे हे त्याचे काम. चाचणीच्या काळात नेमका असाच प्रसंग वेगळ्या काढलेल्या संगणकावर घडवून दाखवायला सांगावा; रंगीत डॅशबोर्डला भुलू नये.

केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि संगणक प्रणालींच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणून नोंदी किती दिवस राहतील, हे करारात लिहून घ्यावे.

रात्रपाळीत आलेला इशारा पाहणार कोण, हा प्रश्न माझ्या मते किमतीहून मोठा आहे. स्वतःचा माणूस नसेल, तर चोवीस तास देखरेखीची सेवा, म्हणजे एमडीआर, घ्यावी. मात्र उत्पादनाशी जोडलेला संगणक तोडण्याचा अधिकार कुणाचा, हे आधीच लेखी ठरवावे.