विशेषनामांचं आणि ब्रँडच्या नावांचं अनेकवचन कसं करावं

‘विशेषनामाचं अनेकवचन होत नाही’ हे शाळेतलं वाक्य आधी बाजूला ठेवा. एकाच नावाची दोन माणसं समोर आली की ते नाव सामान्यनामासारखं चालतं. होळकरांच्या गादीवर तीन तुकोजीराव झाले आणि दोन यशवंतराव. मूळ नाव तसंच राहतं. वर्गात दोन वैशाली असतात, ‘वैशाल्या’ नाही. प्रत्यय लागला की अनुस्वार द्या: तिन्ही तुकोजीरावांचा, दोघी वैशालींना.

खरी अडचण आडनावांची. होळकरांनी, गायकवाडांकडे यात कुणी चुकत नाही. पण मंडळाच्या स्मरणिकेची मुद्रितं तपासताना ‘शिंदेंनी’, ‘गोखलेंकडे’, ‘फडकेंना’ यांवर दर पानाला लाल शाई सांडावी लागते. ए-कारान्त नामाचं सामान्यरूप या-कारान्त होतं: शिंद्यांनी, गोखल्यांकडे. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत तर ‘फडके – फडक्यांना’ हेच उदाहरण दिलेलं आहे. ‘आडनाव मोडलं की माणसाला राग येतो’ ही सबब ऐकून घेऊ नका. शिंद्यांचं ग्वाल्हेर आपण सर्रास म्हणतो, मग शेजारच्या शिंद्यांनी काय घोडं मारलंय? जोशी आणि कुलकर्णीही याच वाटेने जातात: जोश्यांकडे, कुलकर्ण्यांचा. बाईंबद्दल लिहायचं असेल तर शिंदेबाईंना लिहा, प्रश्नच मिटतो.

यातच एक खाचखळगा आहे. ‘जोशी आले’ म्हणजे आदराने एकटे जोशी, की सगळं घर? घर असेल तर ‘जोशी मंडळी आली’ लिहा. इंदुरात ‘जोशी लोक आले’ कानावर पडतं. ते हिंदीचं वळण आहे, छापू नका. दारावरच्या पाटीवर ‘जोशीज’ तर मुळीच नको.

ब्रँडचं लिंग वस्तूवरून ठरतं. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून बोलताना दारात दोन मारुत्या उभ्या असतात. देव पुंल्लिंगी, म्हणून गावात दोन मारुती असतात. ॲक्टिव्हा ‘शाळा’सारखी, दोन झाल्या तरी ॲक्टिव्हाच. छापील मजकुरात मात्र ब्रँडला हात लावू नका, वस्तूचं अनेकवचन करा: मारुतीच्या दोन गाड्या, बिसलेरीच्या चार बाटल्या, पार्लेजीचे सहा पुडे.