चेहऱ्याचा प्रभाव, नजरेचा इशारा: प्रात्यक्षिक कसे घ्यावे

समोरचा माणूस जिकडे पाहतो तिकडे आपले लक्ष आपोआप वळते, पण ते प्रत्येक चेहऱ्यामागे सारखेच वळते का, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्गातल्या संगणकावर तपासता येते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेनेडिक्ट जोन्स आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात, अधिक पुरुषी घडणीच्या चेहऱ्यांच्या नजरेमागे लक्ष जास्त खेचले गेल्याचे दिसले. मात्र नजर वळल्यावर लक्ष्य (ज्याला प्रतिसाद द्यायचा ती खूण) २०० मिलिसेकंदांनी दिसले, तेव्हाच हा फरक आढळला; ४०० किंवा ८०० मिलिसेकंदांनी दिसले तेव्हा नाही. म्हणून नजर वळणे आणि लक्ष्य दिसणे यांतले अंतर लहान ठेवावे, अन्यथा जे शोधायचे तेच निसटते.

सर्वांत जास्त काळजी छायाचित्रांची घ्यावी. मोठ्या डोळ्यांच्या चेहऱ्यात बुबुळाभोवतीचा पांढरा भाग अधिक दिसतो आणि नजरेची दिशा लवकर कळते. मग आपण चेहऱ्याचा प्रभाव मोजतो आहोत की नुसत्या पांढऱ्या भागाचा, हे सांगता येत नाही. यासाठी एकाच व्यक्तीचे, तिच्या संमतीने काढलेले छायाचित्र घेऊन जबडा आणि भुवया तेवढ्या बदलाव्यात. दोन्ही आवृत्त्यांत डोळे तेच ठेवावेत. डावी-उजवी नजर समान राहावी म्हणून आरशातल्यासारखी उलट प्रतही वापरावी. माझ्या मते या कामात घाई केली, तर पुढचे सारे आकडे निरर्थक ठरतात.

‘सायकोपाय’ ही मोफत संगणकप्रणाली मांडणीला पुरेशी आहे. पडद्याच्या मध्यभागी आधी अधिकचिन्ह, मग समोर पाहणारा चेहरा, मग वळलेली नजर आणि शेवटी एका बाजूला लक्ष्य म्हणून ठिपका, असा क्रम ठेवावा. प्रयुक्ताने, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्याने, ठिपक्याच्या बाजूची कळ शक्य तितक्या लवकर दाबायची असते. ठिपका निम्म्या वेळा नजरेच्या बाजूला, निम्म्या वेळा विरुद्ध बाजूला यावा, आणि नजरेवरून ठिपक्याचा अंदाज बांधता येणार नाही, हे प्रयुक्ताला आधीच स्पष्ट सांगावे. तरीही लक्ष वळले, तर ते जाणूनबुजून वळवलेले नाही असे मानायला आधार मिळतो.

विश्लेषणात फक्त अचूक प्रतिसाद घ्यावेत. प्रत्येक प्रयुक्ताच्या विरुद्ध बाजूच्या प्रतिक्रियाकालाच्या मध्यकातून नजरेच्या बाजूचा मध्यक वजा करावा, आणि ही वजाबाकी दोन्ही चेहऱ्यांसाठी स्वतंत्र करून मगच तुलना करावी. एखाद्या चेहऱ्यासमोर सगळेच प्रतिसाद मंदावले, तर तो नजरेचा परिणाम नव्हे.