रासायनिक पदार्थांची नोंदणी: नियामक विभागात येणाऱ्या नवोदितांसाठी

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेले अनेक तरुण महापे, रबाळे, तुर्भे किंवा तळोजा येथील कारखान्यांत गुणवत्ता नियंत्रण (क्यूसी) आणि उत्पादन विभागांत रुजू होतात. त्याच कारखान्यांतल्या, पदार्थांच्या कायदेशीर नोंदणीचे काम पाहणाऱ्या नियामक विभागाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी हेच काम करत आलो आहे आणि रसायनशास्त्राची खरी आवड असलेल्यांनी या क्षेत्राकडे गांभीर्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

बहुतेकांची सुरुवात युरोपीय संघाच्या 'रीच' कायद्याने होते. २००६ मध्ये संमत झालेला आणि १ जून २००७ पासून लागू झालेला हा कायदा सांगतो की, एखाद्या उत्पादकाने किंवा आयातदाराने वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक पदार्थ बाजारात आणायचा असेल, तर हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेकडे त्याची नोंदणी झालेली असली पाहिजे. आपल्या कारखान्याला ही नोंदणी थेट करता येत नाही. ती एकतर तिथला आयातदार करतो किंवा आपण युरोपात नेमलेला 'ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह' करतो. टनेज, म्हणजे वर्षाकाठचे प्रमाण, १०, १०० आणि १००० टनांच्या पायऱ्या ओलांडते तशी मागितली जाणारी माहिती वाढत जाते, आणि १० टनांपासून रासायनिक सुरक्षा अहवालही द्यावा लागतो.

नवोदितांना वाटते की हे काम म्हणजे नोंदणीची माहिती ज्यात भरतात त्या आययूसीएलआयडी सॉफ्टवेअरमधील रकाने भरणे. रकाने भरायला कोणीही शिकते. खरी कसोटी त्याआधी, पदार्थाची ओळख निश्चित करताना लागते. एकच मुख्य घटक ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर तो एकघटक पदार्थ; दोन किंवा अधिक मुख्य घटक प्रत्येकी १० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर बहुघटक; आणि ज्याची रचना पूर्णपणे सांगताच येत नाही, उदाहरणार्थ वनस्पतींचे अर्क किंवा पेट्रोलियमचे काही अंश, तो 'यूव्हीसीबी'. ही वर्गवारी टेबलाशी बसून होत नाही. प्लांटमध्ये कोणता मार्ग वापरला जातो, कच्चा माल बदलला की कोणती अशुद्धी वाढते, सलग बॅचेसमध्ये घटकांचे प्रमाण किती हलते, हे उत्पादन विभागातल्या अनुभवी माणसाला विचारावे लागते आणि त्याचे उत्तर एचपीएलसी, जीसी, एनएमआर व आयआर या विश्लेषण पद्धतींच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते. अशुद्धी बदलली की पदार्थाचे धोकावर्गीकरणही बदलू शकते, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये, असा माझा आग्रह असतो.

सीएएस क्रमांकही, म्हणजे रासायनिक पदार्थाला दिलेला ओळख क्रमांक, डोळे झाकून घेऊ नये. त्याचा शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. पाण्याच्या ७७३२-१८-५ या क्रमांकात आधीच्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३ असे गुणून बेरीज केली तर १०५ येते, आणि तिचा शेवटचा अंक ५ हाच पडताळणीचा अंक होय. पुरवठादाराच्या सेफ्टी डेटा शीटवरील क्रमांक असा तपासायला क्षणभर पुरतो.

प्रत्येक देशाची रासायनिक पदार्थांची यादी निराळ्या तत्त्वावर उभी आहे. युरोपच्या जुन्या 'आयनेक्स' यादीत १ जानेवारी १९७१ ते १८ सप्टेंबर १९८१ या काळात बाजारात असलेले पदार्थ आहेत. अमेरिकेत १९७६ च्या 'टॉस्का' कायद्याखालील यादीत नसलेला पदार्थ नवा मानला जातो आणि उत्पादन किंवा आयात सुरू करण्याच्या किमान ९० दिवस आधी पूर्वसूचना द्यावी लागते. त्या यादीचा काही भाग गोपनीय असल्यामुळे सार्वजनिक शोधात नाव न मिळाले, तरी पदार्थ यादीत नाहीच असे ठरत नाही. दक्षिण कोरिया, चीन आणि तुर्कस्तान यांचेही आपापले कायदे आहेत. आपल्याकडील १९८९ चे नियम घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयी आहेत. प्रत्येक पदार्थाच्या नोंदणीची व्यवस्था ते करत नाहीत.

पॉलिमर बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळाले, तर एक गोष्ट आधी समजून घ्या: 'रीच'मध्ये पॉलिमरची नोंदणी करावी लागत नाही, परंतु त्यातील मोनोमरची, ठरावीक प्रमाण ओलांडल्यास, करावी लागते.

चाचण्यांबाबत आपल्याला एक मोठी सोय आहे. मार्च २०११ पासून भारत ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) हिच्या चाचणी-निकालांच्या परस्पर मान्यता व्यवस्थेचा पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे आपल्या जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती) प्रमाणित प्रयोगशाळेत झालेली चाचणी या व्यवस्थेतील इतर देशांना स्वीकारावी लागते. तरीही पृष्ठवंशीय प्राण्यांवरील नवी चाचणी हा 'रीच'मध्ये शेवटचा पर्याय आहे. आधी उपलब्ध अभ्यास शोधावेत आणि सहनोंदणीदारांकडून, म्हणजे त्याच पदार्थाची नोंदणी करणाऱ्या इतरांकडून, त्या अभ्यासांच्या वापराचा हक्क घ्यावा.

नोंदणी क्रमांक मिळाल्यावरही निर्यात विभागाकडून युरोपला गेलेल्या मालाचा हिशेब नियमितपणे मागत राहा. हे प्रमाण कॅलेंडर वर्षाप्रमाणे मोजले जाते, आपल्या आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे. म्हणून मार्चअखेरचे आकडे जसेच्या तसे न घेता न्हावा-शेवाहून निघालेल्या मालाच्या कागदपत्रांवरून जानेवारी ते डिसेंबरची बेरीज स्वतः करून घ्यावी.