जुना छोटा हत्ती घ्यायचाय? आधी चासी बघा, इंजिन नंतर

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, की शेतमाल न्यायला किंवा धंद्याला एक छोटी गाडी हवीय, नवीन परवडत नाही, जुनी टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, घेऊ का? माझं उत्तर ठरलेलं आहे, घ्या, बिनधास्त घ्या, पण बघून घ्या. आणि बघून म्हणजे नेमकं काय बघून, ते आज सविस्तर लिहितो, कारण लोक जातात, इंजिन चालू करून आवाज ऐकतात, दोनदा रेस मारतात आणि व्यवहार करून मोकळे होतात. इंजिन ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे.

आधी लोकांचा या गाडीवर एवढा जीव का आहे ते सांगतो, कारण ते कळलं की काय जपायचं तेही कळतं. टाटा एस मे २००५ मध्ये आली. त्याआधी थोडा माल न्यायचा तर तीनचाकी टेम्पो, नाहीतर एकदम टाटा ४०७ सारखी मोठी गाडी, मधे काही नव्हतंच म्हटलं तरी चालेल. गिरीश वाघ यांच्या टीमनं टाटा मोटर्समध्ये ही गाडी उभी केली, ७०२ सीसीचं दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन, जेमतेम १६ हॉर्सपॉवर, आणि पासिंग, म्हणजे नियमानं भरता येणारं वजन, पाऊण टनाचं. १६ हॉर्सपॉवर ऐकून आजचे पोरं हसतात, पण नारायणगावच्या मार्केटला पहाटे जाऊन बघा, टोमॅटोचे क्रेट भरून अशा किती गाड्या उभ्या असतात. २० किलोचा एक क्रेट धरला आणि रिकाम्या क्रेटचं वजन त्यात मिळवलं तर ३३-३४ क्रेट नियमात बसतात. लहान शेतकऱ्याचा एका तोड्याचा माल बऱ्याचदा तेवढाच असतो. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत जागा मिळेल का याची वाट बघायची नाही, माल तोडला की भरला आणि निघाला, भाव पडायच्या आत काट्यावर.

दुसरं म्हणजे ही गाडी कुठंही शिरते. गावठाणातली बोळ, पेठेतली गल्ली, मळ्यातला बांधावरचा रस्ता, सगळीकडे. माल भरायचा मागचा हौदा जमिनीपासून फार उंच नसल्यामुळे दोन माणसं पोती सहज चढवतात, तिसरा लागत नाही. गणपती आणायचा असो, मंडपाचं सामान असो, भाचीचं घर हलवायचं असो, फोन याच गाडीवाल्याला जातो. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ती दुरुस्त होते. जुन्या गाडीत सेन्सरचा पसारा नाही, सीट उचलली की खाली इंजिन समोर दिसतं, तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला ते तोंडपाठ असतं आणि पार्ट कुठंही मिळतात. एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम, म्हणजे बीएस सिक्स, आले, नव्या गाड्या धूर कमी सोडतात ते चांगलंच आहे, पण त्यांच्या बिघाडासाठी लॅपटॉप लावावा लागतो. जुनी गाडी पाना, स्क्रूड्रायव्हर आणि थोड्या अकलेवर चालते. ज्याला स्वतःच्या हातानं गाडी सांभाळायला आवडतं त्याला हिच्यासारखी गाडी नाही.

आता बघायचं कसं.

दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना जा, सोबत टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर आणि एक जाडसर चटई घ्या कारण खाली झोपायचंय. हो, खरंच झोपायचं. गाडीच्या खाली शिरा आणि चासीचे, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचे, दोन्ही लांब बार पुढून मागेपर्यंत टॉर्च मारत बघा. केबिनच्या मागे जिथे हौदा सुरू होतो ती जागा आणि मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे चासीला बसवल्यात ते ब्रॅकेट, गंज इथेच आधी धरतो कारण चिखल तिथेच अडकून राहतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो, आतून खाल्लेला भद भद असा आवाज करतो आणि पापुद्रे पडतात. खाली नवाकोरा काळा रंग मारलेला असेल तर खूश होऊ नका, उलट तिथे जास्त वेळ द्या, कुणी वीस वर्षांच्या गाडीच्या पोटाला हौसेनं रंग देत नाही. वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर मोजा. हौद्याच्या पत्र्याला ठिगळ असलं तर काही बिघडत नाही, तो पत्रा बदलता येतो, पण चासीच्या बारवर जोड असेल तर मालकाचा चहा प्या आणि घरी या.

यात एक गोष्ट आवर्जून विचारा, गाडीनं आयुष्यभर काय वाहिलं? फुलं, फरसाण, प्लास्टिकचं सामान वाहिलेली गाडी सोनं. सिमेंट, विटा, खडी वाहिलेली गाडी दमलेली असते. आणि मासळीची गाडी असेल तर फार जपून, मिठाचं आणि बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली झिरपलेलं असतं, वरून गाडी चकाचक आणि खालून चाळण. किनाऱ्याच्या गावातल्या सगळ्या गाड्या वाईट असतात असं नाही, खाली पाणी मारून धुणारा मालक असेल तर टिकतात, पण तपासणी दुप्पट करा. मालक खोटं बोलेल असं वाटलं तर हौद्याच्या फटीत बघा, फाळक्याच्या बिजागरीत बघा, सिमेंटचा थर किंवा माशाचा वास लपत नाही.

खाली आहातच तर पाटे बघून घ्या. पाट्यांना तडा आहे का, आणि कंपनीच्या पाट्यांवर जादा पाटा चढवलाय का. जादा पाटा म्हणजे या गाडीवर कायम दीड-दोन टन लादलं गेलंय हे लिहून दिल्यासारखं आहे. मग क्लच, गिअरबॉक्स, मागच्या एक्सलचा हाउसिंग, सगळ्यावर तो ताण आलेला असतो, तेवढे पैसे किमतीतून कापा किंवा सोडून द्या. मग पुढचं एकेक चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा, खडखड खेळत असेल तर किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) नाहीतर बेरिंग गेलंय. टायर एकाच बाजूनं झिजलेला असेल तरी संशय तिकडेच. हे काम होण्यासारखं आहे, घाबरायचं नाही, फक्त भाव करताना बोलायचं.

केबिनमधलं मॅटिंग उचला, पायाखालचा पत्रा बघा. दरवाजाची खालची कड बोटानं दाबून बघा. एवढं सगळं पास झालं की मग इंजिन.

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, दादा मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावा, गरम लागलं तर काहीतरी लपवतायत, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सकाळी कसं चालू होतं यावरच निम्मं कळतं. एक-दोन स्टार्टरमध्ये उचललं, थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला तर ठीक. फार वेळ स्टार्टर मारावा लागला तर हीटर प्लग, बॅटरी, नाहीतर कॉम्प्रेशन, यापैकी काहीतरी आहे. निळसर धूर थांबतच नसेल तर इंजिन ऑईल पितंय, रिंगा किंवा व्हॉल्व गाईड झिजलेत. काळा धूर असेल तर नोझल, पंप किंवा साधा एअर फिल्टर चोक झालेला, हे स्वस्तातलं. मग इंजिन चालू असतानाच ऑईल टाकायचं झाकण जपून उघडा. थोडी वाफ आली तर चालतं, पण आगगाडीसारखी फकफक हवा बाहेर फेकत असेल तर रिंगा आणि लायनर झिजलेत, इंजिन खोलून नव्यानं बांधायला आलंय. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं, म्हणजे स्टार्ट करायच्या आधीच, आत तेलाचा तवंग दिसला तर हेड गास्केट गेलंय. दोन सिलेंडरचं इंजिन आहे, थरथरणार, आरसा हलणार, तो दोष नाही, ते तिचं चालणंच आहे.

इंजिन बांधायला आलेलं असलं तरी मी गाडी नाकारत नाही हे लक्षात घ्या. दोनच सिलेंडर आहेत, लहान काम आहे, हातचा मेस्त्री असेल तर थोड्या दिवसांत इंजिन नव्यासारखं होतं. म्हणून म्हणतो इंजिन शेवटी. गंजलेली चासी आणि अडकलेले कागद, या दोनांवर कुठल्याच मेस्त्रीकडे औषध नाही.

चालवून बघताना रिकामी फिरवू नका, पाच-सहा पोती किंवा चार माणसांइतकं वजन मागे टाका आणि जवळच्या चढावर न्या. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ती हळूहळू पण न थांबता चढली पाहिजे. इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी उचलत नाही म्हणजे क्लच प्लेट गेली. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडल्यावर गिअर आपोआप बाहेर उडतो का बघा. हँडब्रेक चढावरच ओढून बघा, सपाटीवर सगळ्यांचेच हँडब्रेक चांगले असतात.

आता कागद, इथे अजिबात भीड ठेवू नका. आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर पंच केलेला नंबर एकेक आकडा जुळवा, इंजिन नंबरही. परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकून पासिंग (इथे म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी), इन्शुरन्स, टॅक्स, पीयूसी कधीपर्यंत आहे ते बघा, आणि ई-चलान किती थकलंय तेही, कारण नंतर ते तुमच्याच डोक्यावर येतं. ही पिवळ्या पाटीची गाडी आहे, आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावं लागतं, आणि गाडी जुनी होत जाते तशी फी बरीच वाढते, शिवाय जुन्या गाडीला ग्रीन टॅक्स आहे, तो खर्च आधीच हिशोबात धरा. पासिंग संपून वर्ष-दोन वर्षं झालेली गाडी स्वस्त मिळते, पण ती ज्या कारणानं पास झाली नाही ते कारण तुम्हाला विकलं जातंय. फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही झालेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते का ते विचारून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीची नोंदणी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, बसवलीय का तेही बघा. इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका, याकडे फार लोक दुर्लक्ष करतात आणि अपघात झाला की रडतात.

दोन चांगल्या बातम्या पण आहेत. भरलेल्या वजनासकट ३००० किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही आणि ही गाडी भरून दीड टनाच्या आसपास जाते. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही. म्हणजे घरात कार चालवणारं कुणीही ही गाडी नेऊ शकतं. हौद्यात माणसं मात्र बसवायची नाहीत, जत्रा असो नाहीतर लग्न असो, नियमात बसत नाही आणि पलटी झाली तर इन्शुरन्स हात वर करतो.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, सगळं बदलून टाका, मालक म्हणाला असेल कालच केलंय तरी. कूलंट टाका, नुसतं विहिरीचं पाणी टाकू नका, त्यातल्या क्षारानं रेडिएटर आतून बुजतो आणि मग माळशेजच्या चढाला टेंपरेचरचा काटा लालमध्ये जातो. काटा चढलाच तर गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ तसंच स्लो चालू ठेवा, आणि झाकणाला हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणीच संपलेलं असेल तर मात्र लगेच बंद करा. ग्रीसिंग नियमित, किंगपिन आणि पाट्यांच्या शॅकलचे निप्पल कापडानं पुसून मगच ग्रीस मारा, नाहीतर माती आत ढकलली जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारत राहायचं.

एक काम मात्र स्वतःला आलंच पाहिजे, एअर काढणं. टाकीतलं डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की लाईन एअर धरते आणि मग कितीही स्टार्टर मारा, गाडी उठत नाही, फक्त बॅटरी बसते. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचा, आधी फेसाळ डिझेल फुसफुसत येतं, मग बुडबुडे कमी होतात, मग अखंड धार येते, त्या धारेतच स्क्रू आवळायचा, पंप सोडायच्या आधी. मग स्टार्टर. मेस्त्रीसमोर एकदा स्वतःच्या हातानं करून घ्या. रात्री ओतूरच्या पुढे कुठं अडकलात तर मेस्त्रीचा फोन लागेलच असं नाही.

पावसाळा संपला की एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून प्रेशरनं धुवा, वाळू द्या, आणि चासीच्या सांध्यांना अँटीरस्ट मारा. वॉशिंग सेंटरवाला वरूनच फवारा मारून मोकळा होतो, उभं राहून पाट्यांच्या ब्रॅकेटमधला चिखल काढून घ्या.

कायम एक-सव्वा टन माल असेल तर बोलेरो पिकअप बघा, या गाडीवर लादू नका. पाऊण टनात काम भागत असेल तर किल्ली घ्यायच्या आधी मालकाकडून जॅक, पाना, स्टेपनी आणि ताडपत्री मागून घ्या, व्यवहार झाल्यावर कुणी देत नाही.