फोल्डिंग सोलर पॅनल व्हॅनच्या चार्जरला असा जोडला

आमच्या व्हॅनमधला चार्जर अल्टरनेटर आणि सोलर दोन्हीवर चालतो, आत एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा सोलर कंट्रोलर) आहेच, पण गाडी दिवसभर बिल्डिंगच्या सावलीत, म्हणून १०० वॅटचा फोल्डिंग पॅनल घेतला, उन्हात उचलून ठेवता येतो. जोडला तर चार्जिंग शून्य! मीटर लावला, भर उन्हात वायरवर जेमतेम १३ व्होल्ट, लोड नसताना असा पॅनल २० च्या आसपास द्यायला हवा. पॅनलच्या मागचा कप्पा उघडला तर आत छोटा कंट्रोलर बसवलेला, तोच व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला आणत होता. एकामागे एक दोन कंट्रोलर नकोच, बऱ्याच एमपीपीटींना सुरू व्हायलाच बॅटरीपेक्षा ४-५ व्होल्ट जास्त लागतात. मग लॅमिंग्टन रोडवरून एमसी४ कनेक्टर (सोलर वायरींचे खास प्लग) आणि ४ स्क्वेअर एमएमची वायर आणली, तो कंट्रोलर मधून काढला आणि पॅनल थेट चार्जरच्या सोलर टर्मिनलला दिला. प्लस-मायनस मीटरने बघूनच जोडा. चार्जरला आधी बॅटरी मग पॅनल, काढताना उलट क्रम. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच हवा. आता दुपारी छान ५ अँपिअर जातात. आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात, पॅनल काढला की त्यांना टोप्या लावून ठेवा.